जिनिव्हाच्या भरवशावर

लंडनच्या इल्फर्डमधल्या आमच्या शेजारीण हेडी प्रागर ब्याऐंशीव्या वर्षीही कुणाचं ऐकून घेत नसत. कचऱ्याचा बिन उशिरा बाहेर काढला, तर माझ्यासारख्या रिटायर्ड डॉक्टरणीलाही झापायच्या. मला त्या फार आवडायच्या.

२००५च्या जानेवारीत त्यांच्या सिनगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, प्रदर्शन होतं. हेडीबाईंच्या वडिलांचं एक जर्मन पत्र तिथं मांडणार होते. बाईंची नजर गेलेली, म्हणून पत्राखाली लावायची पाटी मी वाचून दाखवली : ‘कायद्यानं वाचवलेलं कुटुंब.’

“खोटं!” बाई कडाडल्या.

त्यांचे वडील अप्पर सायलेशियात, जर्मनीच्या पोलंडलगतच्या टोकाला, सरकारी दवाखान्यात डॉक्टर. १९३३ साली ज्यू म्हणून त्यांना काढलं. पण त्या भागात अल्पसंख्याकांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार लागू होता. नोकरी गेलेल्या एका ज्यू माणसानं जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे तक्रार केली आणि हिटलरच्या सरकारला तेवढ्या भागापुरतं नमतं घ्यावं लागलं. वडिलांना परत कामावर घेतल्याचं पत्र आलं. त्यांनी ते फ्रेम करून तपासणीच्या खोलीत लावलं.

करार १९३७च्या जुलैपर्यंतचाच होता आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९३४मध्ये मँचेस्टरच्या काकांनी चौघांची इकडे यायची सोय केली. वडिलांनी फ्रेमकडे बोट दाखवलं. “सदतीसपर्यंत जिनिव्हा आपल्या पाठीशी आहे. तोवर लोक शहाणे होतील.”

मला त्या मेलेल्या डॉक्टरचा संताप आला. औषधाच्या बाटलीवरची मुदतीची तारीख रोज वाचणारा माणूस! पण आमच्याही कपाटात नोकरीची पत्रं आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या फायलीत देवासारखे जपलेले आहेत.

जुलै आला, करार संपला, नोकरी गेली. १९३९ साली हेडीला एकटीला, ज्यू मुलांना इंग्लंडला नेणाऱ्या गाडीत बसवताना वडिलांनी ते पत्र तिच्या हातात दिलं. “तिकडे दाखव. उपयोगी पडेल.” आई, वडील आणि धाकटा भाऊ ऑशविट्झला गेले.

पाटी बदला म्हणून सांगितल्यावर प्रदर्शनाच्या संयोजक बाई फोनवर म्हणाल्या, “लोकांना थोडी आशा वाटायला हवी ना?”

“मग पत्र मिळणार नाही,” म्हणून हेडीबाईंनी फोन आपटला. मला म्हणाल्या, “नवी पाटी लिही. ‘या पत्रामुळे आम्ही थांबलो. आईनं बॅगा भरल्या होत्या.’”

मी लिहिलं.

“‘मला मैत्रिणींना सोडायचं नव्हतं. त्या बॅगा मी रिकाम्या केल्या.’”

“बाई, बारा वर्षांच्या होतात तुम्ही. हे कशाला?”

“लिही.”

मी लिहिलं.