पुजलेली हेल्मेटं

गोरख माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याची चेष्टा करायचा परवाना मला लग्नमंडपातच मिळाला आणि मी तो आजवर मनसोक्त वापरत आलोय. त्याचं वाढतं पोट, त्याची जुनी बुलेट, फोनवर बोलताना सगळ्या आळेफाट्याला ऐकू जाईल असा त्याचा आवाज, काही म्हणजे काही सोडलं नाही. एकाच गोष्टीची चेष्टा माझ्याने होत नाही. ती सांगतो.

माझे सासरे धर्माजी पिंपळवंडीचे. घरची थोडी शेती, पण हाडाचे गवंडी. गोरख शाळेत होता तेव्हा ते एका बड्या ठेकेदाराच्या कामावर बांबूच्या परांचीवरून पडले आणि डावा पाय कायमचा अधू झाला. चौकशीला साहेब आले, तर ठेकेदाराने सरळ सांगितलं की हा आमचा माणूस नाही, रस्त्याने चालला होता, मध्येच आत शिरला. पाय मोडल्याचं दुःख म्हातारा पचवून बसला. ते वाक्य मात्र त्याला आजही पचलेलं नाही. थंडीत पाय ठणकायला लागला की म्हणतो, "म्या त्येची भिंत बांधत व्हतो, आन त्यो म्हनला ह्यो आमचा न्हाई."

गोरख बापाकडूनच थापी धरायला शिकला. आधी लोकांची घरं बांधली, मग बंगले, मग शाळेच्या खोल्या, असं करत करत स्वतःच ठेकेदार झाला. मी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो तेव्हा म्हणाला, दाजी, घरी बसून आक्काचं डोकं खाण्यापेक्षा साईटवर या. तेव्हापासून सामानाच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला आणि हजेरीची वही माझ्या हातात आहे. तिकिटाच्या पेटीपेक्षा हे काम बरं, इथे कोणी सुट्ट्यावरून भांडत नाही.

मागच्या साली त्याला आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. आळेफाट्याला संयमशेठची चार मजली इमारत, खाली दुकानं, वर ऑफिसं. हे घराणं मूळचं राजस्थानातलं जैन, पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच व्यापार केलेलं आणि आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारं. संयमशेठला अक्षय्य तृतीयेला दुकानाचा मुहूर्त करायचा होता. काम लांबलं तर उरलेलं पुण्याच्या पार्टीला देईन, हे त्याने गोड शब्दांत पण दोनदा सांगून ठेवलं होतं. हे काम हातचं गेलं असतं तर गोरख परत संडास-बाथरूमच्या दुरुस्त्यांवर आला असता, आणि गावात तोंड दाखवायची पंचाईत झाली असती ती वेगळीच.

कामाला सुरुवात झाली तेव्हा गोरखने सगळ्यांसाठी पिवळी हेल्मेटं आणली. थोड्याच दिवसांनी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. थापी, ओळंबा, घमेली, मिक्सर मांडले आणि त्यांच्याबरोबर हेल्मेटंही ओळीने मांडली. प्रत्येकावर हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. इथवर सगळं छान झालं. दुसऱ्या दिवशी मी हेल्मेटं वाटायला काढली, तर कोणी हातच लावेना. पुजलेली वस्तू घामट डोक्यावर कशी घालायची? कुंकू पुसायचं तरी कुणी? झुंबरबाई, आमच्याकडची विटा वाहणारी बाई, तिने तर हात जोडून नमस्कारच केला. गोरखही म्हणाला, राहू द्या दोन दिवस. ते दोन दिवस थंडी पडेपर्यंत संपले नाहीत. हेल्मेटं माझ्या कुलपात देवासारखी सुखात बसून राहिली.

मग ऐन थंडीत एका सकाळी संयमशेठ धावत आला. पुण्याहून कामगारांच्या सुरक्षेची तपासणी करणारं पथक नारायणगावला आलंय, तिथलं आटोपून दुपारी इकडे वळणार, अशी पक्की खबर होती. शेठचा बेतही तयार होता. ज्यांची नोंदणी झालेली नाही त्या सगळ्यांना शेजारच्या, कांदा साठवायच्या रिकाम्या चाळीत बसवायचं. लिफ्टच्या उघड्या खड्ड्यापुढे प्लायवूड उभं करायचं. उरलेल्यांच्या डोक्यावर हेल्मेटं ठेवायची. साहेबांना खालीच खुर्ची, चहा, मसाला दूध आणि निरोप. आमच्याकडे तपासणी म्हणजे पाहुणचार, हे शेठने शोधून काढलेलं नव्हतं, सगळेच तसं करतात. गोरख हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तोवर शेठने झुंबरबाईला आणि इतर माणसांना चाळीकडे पिटाळलंसुद्धा.

जीप दुपारच्या आधीच आली. आत साहेब नव्हते, रणपिसे मॅडम होत्या. सुती साडी, पायात बूट, आणि चहाला नाही म्हणायची सवय असलेला चेहरा. मी घाईघाईने हेल्मेटं बाहेर काढली आणि तिथेच घात झाला. मॅडमनी एक हेल्मेट हातात घेऊन फिरवून पाहिलं. वर हळदकुंकवाचा टिळा तसाच, कडेला वाळलेली झेंडूची पाकळी चिकटलेली. त्यांनी विचारलं, ही रोज घालता का?

"रोज, मॅडम. एक दिवस चुकत नाही," शेठ म्हणाला.

मॅडमनी ती पाकळी नखाने काढली आणि गोरखकडे पाहिलं. मीही पाहिलं. मी मनात म्हटलं, राव, मान डोलव आणि सुट. आयुष्याचं काम आहे.

तेवढ्यात चाळीतून कोणीतरी खोकलं. मॅडमनी तिकडे बघून विचारलं, तिथे कोण आहे? शेठ तोंडातल्या तोंडात म्हणाला, आमचं कोणी नाही, कांदेवाल्याची माणसं असतील.

गोरखने डोक्यावरची टोपी काढली. एरवी एवढ्या मोठ्याने बोलणारा माणूस, पण त्या वेळी त्याचा आवाज जेमतेम आमच्यापर्यंत पोचला. "न्हाई मॅडम. ती समदी माझी मानसं हायेत. आन ही हेल्मेटं खंडेनवमीपासनं कुलपात व्हती. चूक माझी."

मग त्याने चाळीकडे तोंड करून हाक मारली. झुंबरबाई पुढे, मागे बाकीची, कपड्यांवरचा पाचोळा झटकत बाहेर आली. शेठने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे सगळं मीच बोललो होतो.

पुढचं तर मला आणखीच अवघड गेलं. गोरखने स्वतःच मॅडमना वर नेलं. प्लायवूड बाजूला केलं, लिफ्टचा खड्डा दाखवला. परांचीच्या कुठल्या बाजूला कठडा नाही, कुठली केबल पाण्यातून गेली आहे, हेही त्यानेच सांगितलं. वाद घातला नाही, सबबी सांगितल्या नाहीत. केबल त्यांच्यासमोरच उचलून खांबाला टांगली. जे कळलं नाही ते विचारलं, आणि काय काय करायचं ते लिहून द्या, किती दिवसांत तेही लिहा, म्हणाला. मॅडमनी लिहून दिलं. कठडे आणि जाळी होईपर्यंत वरच्या मजल्यांचं काम बंद. सगळ्या कामगारांची नोंदणी करायची. जाताना त्या मला म्हणाल्या, "आजोबा, कुंकू राहू द्या. फक्त हेल्मेट डोक्यावर असू द्या." मला आजोबा म्हटलेलं फारसं आवडलं नाही, पण ते असो.

संयमशेठ गोरखशी बोलेना. पुण्याच्या पार्टीचा माणूस येऊन इमारत बघून गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. गोरखला जेवण जाईना. माझी बायको त्याला म्हणाली, कशाला एवढं खरं बोलायला गेलास? तो म्हणाला, "आण्णा घरात बसलेत ना." एवढंच. त्याचे आण्णा, म्हणजे धर्माजी, ओट्यावर पाय चोळत बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

कठडे बसले, जाळ्या लागल्या, नोंदणीसाठी गोरख सगळ्यांना भाड्याच्या जीपमध्ये घालून घेऊन गेला. पहिल्या दिवशी हेल्मेट घालताना झुंबरबाईने कानाला हात लावून देवाची माफी मागितली. नंतर ती वाटेत कोणी उघड्या डोक्याने दिसलं की त्यालाच दटावायला लागली. मॅडम परत आल्या, फिरून पाहिलं आणि काम सुरू करायला सांगितलं.

त्याच आठवड्यात शेठच्या आई उगमबाई काम बघायला आल्या. वय झालेलं, गुडघे दुखतात, पण जिना चढायचा हट्ट. वर पोचल्यावर दम लागला म्हणून त्या टेकायला काही शोधत होत्या आणि हात टेकला तो लिफ्टच्या खड्ड्यापुढच्या नव्या कठड्यावर. त्याच जागी आधी ते प्लायवूड उभं होतं, नुसतं टेकवलेलं. संयमशेठ आईच्या मागेच होता. त्याने खाली खड्ड्यात पाहिलं, मग आईच्या हाताकडे पाहिलं आणि बराच वेळ तिथून हललाच नाही. पुण्याची पार्टी त्यानंतर पुन्हा दिसली नाही.

मुहूर्त अक्षय्य तृतीयेलाच झाला, वरच्या मजल्याचं प्लास्टर बाकी ठेवून. त्या इमारतीवर शेवटपर्यंत कुणाला काही झालं नाही. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि मला त्याचाच अभिमान वाटतो. शेठने पुढच्या गोदामाचं काम गोरखलाच दिलं. कारण विचारलं तर ठेकेदार ओळखीचा असलेला बरा, एवढंच तो लोकांना सांगतो, कठड्याचं नाव काढत नाही.

यंदाची खंडेनवमी त्या गोदामाच्या साईटवर झाली. हत्यारं मांडली. मी हेल्मेटं गोळा करायला निघालो तर गोरख म्हणाला, दाजी, काढू नका, असू द्या जिथं हायेत तिथं. सगळी माणसं ओळीने उभी राहिली आणि त्याने एकेकाच्या डोक्यावरच्या हेल्मेटला हळदकुंकू लावलं. झुंबरबाई नवरीसारखी मान खाली घालून उभी होती.

ओळीच्या शेवटी काठी टेकत धर्माजी उभे होते. त्यांना कोणी उभं केलं नव्हतं, आपले आपण येऊन उभे राहिले होते. गोरख त्यांच्यापुढे आला आणि थांबला. म्हाताऱ्याच्या डोक्यावर फक्त पांढरी टोपी. गोरखने स्वतःचं हेल्मेट काढून त्या टोपीवर बसवलं, पट्टा हनुवटीखाली नीट ओढला आणि टिळा लावला.

"लिव्हून घ्या, दाजी," तो नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला. "ह्यो आमचा मानूस हाय."