सहा गावरान अंडी

ऑम्लेटचा वास आला की मला सोलापुरातलं एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल आठवतं. कोंबडीच्या गर्भाचं धडधडतं हृदय बघायचं होतं. "कोंबडीखाली दोन दिवस बसवलेलीच अंडी दे," असं आईला बजावून मी मंगळवेढ्याहून भुशात ठेवलेली सहा अंडी एसटीत मांडीवर सांभाळत आणली. मॅडमनी एकेक फोडलं. सगळ्यांत नुसता बलक. मी तिथूनच आईला फोन लावला. "बसवलेली अंडी कुणी खातंय व्हय? म्हणून ताजी दिली की!" माझे मार्क गेले आणि लॅबच्या मामांनी त्या अंड्यांचं ऑम्लेट केलं. महिन्यानं घरी गेले, तर ज्यांची हृदयं बघायची होती, ती सहा पिल्लं अंगणात पळत होती. आता ते प्रॅक्टिकल मीच घेते. अंडी हॅचरीतून मागवते. आईची फक्त ऑम्लेटला.