यमुनाबाईंची मिश्रीची डबी

यमुनाबाई नवी नवरी होऊन खडकीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आल्या, तेव्हा सासूबाईंनी पुरणपोळीच्याही आधी त्यांना शिकवली ती मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करायची, फडक्यातून चाळायची. वास सुटला की शेजारची आनंदीबाई भिंतीपलीकडून ओरडायची, "माझ्यापुरती ठेव गं!" सकाळी नळावर साऱ्या बायका तोंडात बोट घालून मिश्रीनं दात घासत उभ्या. बोलता एकीलाही यायचं नाही, तरी नुसत्या हातवाऱ्यांवर अख्ख्या लाइनीची उणीदुणी निघायची.

क्वार्टर सुटलं. जयसिंगराव कारखान्यातून रिटायर झाले, विश्रांतवाडीत दोन खोल्या झाल्या. पितळी डबी मात्र यमुनाबाईंच्या कमरेलाच राहिली. पुढे रक्तदाबानं दोन्ही किडन्या निकामी केल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस मागं लागलं. आता जयसिंगराव स्वतःची एक किडनी द्यायला निघाले होते. सगळं जुळलं होतं. तोंड ठीक असल्याची दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी तेवढी राहिली होती.

"दातांची कसली काळजी? दिवसातून तीनदा घासते मी," यमुनाबाई म्हणाल्या. आणि त्या दिवशी निघताना चौथ्यांदा घासले, चांगलं दाबून.

डॉक्टर तनुजा, नातीच्या वयाची पोर. तोंडात आरसा घालून बघत राहिली.

"आजी, कशानं घासता?"

यमुनाबाईंनी मोठ्या कौतुकानं डबी उघडून पुढं धरली.

"ही तंबाखू आहे, आजी! तीन दात हलतायत, हिरडीत पू आहे. दुखत नाही?"

"मिश्री लावली की थांबतं की."

"दुखणं थांबतं, पू थांबत नाही. किडनी बसवल्यावर ती टिकावी म्हणून अंगाची प्रतिकारशक्ती दाबायची औषधं देतात. तेव्हा हाच पू रक्तातून अंगभर पसरला तर? आत्ता चिठ्ठी नाही देता येणार."

जयसिंगराव दारातून म्हणाले, "वा! किडनी मी द्यायची, आणि रुसून बसायचं हिच्या दातांनी!"

रिक्षात यमुनाबाई नवऱ्याकडं बघत राहिल्या. किडनी द्यायची म्हणून यांनी सहा महिन्यांपूर्वी विडी सोडली होती, एका शब्दानं न बोलता. ते त्यांना आज आठवलं. घरी आल्याबरोबर त्यांनी डबी मोरीत उपडी केली.

एक डायलिसिस झाल्यावर दुसऱ्या दिवशी दात काढले, हिरड्या साफ केल्या. मग सुरू झाला मऊ ब्रश. मिश्रीवाचून डोकं जड, पोट साफ होईना, चहा बेचव. जयसिंगराव रोज ब्रशवर पेस्ट लावून हातात द्यायचे आणि पेपर वाचायचं सोंग करत समोर बसायचे.

महिन्याभरानं क्वार्टरातली जुनी शेजारीण आनंदीबाई आली, ताजी भाजलेली पुडी घेऊन. यमुनाबाईंनी पुडी नाकाशी नेली आणि नळ, ओली फरशी, सासूबाईंचा काळा तवा, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"लाव की चिमूटभर. कोण बघतंय?"

"हे बघतायत ना," यमुनाबाई म्हणाल्या. पुडीची घडी नीट घालून त्यांनी परत दिली. "घेऊन जा. आणि अगं, तूही दात दाखवून ये एकदा."

अखेर चिठ्ठी मिळाली. हरवू नये म्हणून यमुनाबाईंनी ती चार घड्या घालून डबीत ठेवली. डबी चिंचेनं दोनदा घासली होती, पण चाळीस वर्षांचा वास तो!

इस्पितळात ऑपरेशनची तारीख देणाऱ्या बाईंनी चिठ्ठी उलगडली आणि नाक मुरडलं. "आजी, ह्याला तंबाखूचा वास येतोय!"

"चिठ्ठीला येऊ द्या हो," म्हणत यमुनाबाईंनी भला मोठा आ केला. "इथं हुंगा आणि तारीख द्या."