काकी बादली बघायच्या

कनकीकाकी माणसाच्या चेहऱ्याकडे फारसं बघत नसत. त्या कचऱ्याची बादली बघत. सकाळी घंटागाडी गल्लीत शिरली की आम्ही बायका बादल्या घेऊन बाहेर यायचो, तेव्हा काकी आपल्या दारात सूप घेऊन बसलेल्या असत. गोंदियातल्या एका राइस मिलमधून त्या तांदळाची कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, आणत, पाखडून, खडे वेचून गल्लीत विकत. हात सुपावर आणि डोळे आमच्या बादल्यांवर.

यांची मिलमधली नोकरी सुटली तेव्हा आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. नवी मशीन आली, काही माणसं कमी केली, त्यांत हे होते. तरी हे रोज सकाळी डबा घेऊन सायकलवर निघत आणि दिवस तलावाच्या काठी काढत. पंधरा दिवस असं चाललं. मग एका सकाळी काकींनी मला थांबवलं.

"काऊन वं, चार दिवसांपासून दुधाची पन्नी दिसून नाही राहिली. अन् दुधीची साल त अजूनबी जाडच काढून राहिली. काय झालं?"

मी तिथेच रडले. काकी सूप बाजूला ठेवून माझ्या घरात आल्या.

मी याद्या करणारी बाई. काय काय बंद करायचं याची यादी मी फ्रिजवर लावली होती. काकींना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ती मला मोठ्याने वाचायला लावली. दूध बंद, केबल बंद, पाहुण्यांकडे जाणं बंद, मुलांचा रविवारचा आलूपोहा बंद. "एकाच दिवशी समदं बंद करशीन त पोरं भेवतीन," त्या म्हणाल्या. "आलूपोहा राहू दे. घरी कर, पण कर."

मग त्यांनी एकेक सांगितलं. अख्ख्या तांदळाऐवजी कनकी. भाताची पेज ओतून द्यायची नाही, मीठ घालून सगळ्यांनी प्यायची. डाळ आधी भिजवायची, गॅस कमी लागतो. दुधी-दोडक्याच्या साली पातळ काढायच्या, वाळवून जवसासोबत चटणी करायची. शाळेने फी मागायच्या आधी आपणच जाऊन सांगायचं, कारण नंतर सांगितलं तर बहाणा वाटतो. मी भराभर वहीत उतरवत होते. त्यांनी माझी वही मिटली.

"हे लिवून नको ठेवू, ध्यानात ठेव. लपवाचं नाही. बाकी समदं त्याच्या मांगून."

दुसऱ्या दिवशी हे सायकल काढत होते तेव्हा काकींनी आपल्या दारातूनच विचारलं, "जावईबापू, डबा कोणाले दाखवाले नेऊन राहिले? घरीच गरम खा ना." चार बायका ऐकत होत्या. यांनी सायकल पुन्हा आत घेतली. मी दोन दिवस काकींशी बोलले नाही. पण आठवड्याभरात गल्लीतल्याच एकाने सांगितलं की देवरी रोडवरच्या एका गोदामात माणूस हवा आहे. हे आजही तिथेच आहेत.

आमचे दिवस सावरले. दुधाच्या पन्न्या परत आल्या, आणि माझ्या हातून सालीही पुन्हा जाड निघू लागल्या. काकींचे मात्र गुडघे गेले. मिलमध्ये जाणं थांबलं. नागपूरचा मुलगा येईनासा झाला. खर्चाचं विचारलं की म्हणत, "पाठवते ना पोरगा." त्या रोजच्यासारख्या दारात बसत, मांडीवर रिकामं सूप.

एकदा म्हणाल्या, "त्या साली कायले फेकते? मले देत जा. बकरीले होतीन." तेव्हापासून सकाळच्या कामांच्या यादीत मी एक ओळ घातली: 'काकी – साली'. घंटागाडी यायच्या आधी त्यांच्या हातात पिशवी द्यायची आणि ओळीवर खूण करायची. एक दिवस चुकला नाही.

त्यांच्या स्वतःच्या बादलीत काहीच नसायचं. मी कौतुकाने म्हणालेसुद्धा, की काकी, संसार करावा तर तुमच्यासारखा, घरातून कचराच निघत नाही.

"उरतच नाही ना बाई काही," त्या म्हणाल्या आणि हसल्या. गल्लीतल्या सुनांना मी हे उदाहरण म्हणून सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी काकी दारात दिसल्या नाहीत. आत अंथरुणावर पडून होत्या. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला विचारलं, शेवटचं पोटभर कधी जेवल्या होत्या? घरात कोणती वस्तू कधी संपेल हे मला तारखेनिशी माहीत असतं. हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी काकी गेल्या.

घर आवरायला मीच गेले. कनकीचा डबा घासूनपुसून पालथा घातलेला होता. शेगडीवरच्या पातेल्यात साली उकडलेल्या होत्या, नुसत्या मिठातल्या. खिडकीत सूप होतं आणि त्यात दुधीच्या साली वाळत घातल्या होत्या. जाड, माझ्या सुरीच्या.

यादीतली ती ओळ मी अजून खोडलेली नाही. आमच्या गल्लीत बकरी कोणाकडेच नाही. मला ते तेव्हाही माहीत होतं.