वक्ता बाहेरचा आणला ते साल

चांगला वक्ता बोलवायला काय खर्च येतो, हे कुणी विचारलं तर मी आजही पटकन सांगू शकते. मानधन, पहिल्या वर्गाचं जाण्यायेण्याचं भाडं, हावड्याहून टॅक्सी, हार, शाल, नारळ, आणि पाहुण्यांना उतरायला कुणाच्या तरी घरातली बरी खोली. हे सगळं त्या वर्षी मी स्वतः जमवलं होतं. त्याहून जास्त जे गेलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायला घेतलं की माझा माझ्यावरच संताप होतो.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. माझा जन्म कलकत्त्याचाच. आजोबा नोकरीसाठी इकडे आले ते इथलेच झाले, आणि बाबा इथल्या एका शाळेत गणित शिकवायचे. आम्ही बालीगंजला दोन खोल्यांत राहायचो. मी दिवसा एस्प्लनेडजवळच्या एका कचेरीत टायपिस्ट आणि संध्याकाळी आमच्या मराठी मंडळाची चिटणीस. चिटणीस म्हणजे काय, तर हॉलच्या किल्ल्या सांभाळायच्या, वर्गणीसाठी लोकांचे जिने चढायचे आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. पहिल्या दोन गोष्टी मला जमायच्या. तिसरी कधीच जमली नाही. हिची जीभ म्हणजे कात्री आहे कात्री, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ती गेल्यापासून बाबा तिच्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. तिचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे आणि समोरच्या घराकडे बघत उभे राहायचे. आधी मी चिडले, मग रडले, मग मीही तो विषय काढेनाशी झाले. घरात दोन माणसं, आणि दोघांनाही एकाच माणसाची आठवण येत होती, आणि दोघंही आमटीत मीठ बरोबर पडलंय का एवढंच बोलत होतो.

गणपतीत दरवर्षी एक संध्याकाळ बाबांची असायची. शनिवारची. तास, सव्वा तास बोलायचे. कधी ग्रहणावर, कधी नद्यांवर, एकदा तर नुसत्या शून्यावर. फुकट, अर्थातच. हातात कागद नाही, टिपण नाही. बाबांच्या मराठीला बंगाली हेल होता, आणि बदली होऊन आलेल्या साहेबलोकांच्या बायका त्यावर पदराआड हसायच्या, हे मी बघितलेलं आहे. पण आमची जुनी, इथंच म्हातारी झालेली मंडळी मन लावून ऐकायची. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसंच बाबांचं होतं.

त्या वर्षी श्रावणात एक दिवस जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "यंदा मी तुझ्या आईवर बोलणार आहे."

माझा घास हातातच राहिला.

"म्हणजे लग्न होऊन इकडे आलेल्या आपल्या बायकांवर," ते म्हणाले. "पण ते तिच्यावरच होणार. मला घरात नाही गं बोलता येत. घसा दाटतो. समोर चार माणसं बसलेली असली, की त्यांच्या लाजेनं तरी सावरता येतं. तू पुढं बस म्हणजे झालं."

"बोला बाबा," मी म्हटलं. "मला ऐकायचंय."

हे वाक्य मीच बोलले होते. ते मला विसरता येत नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी मंडळाची बैठक झाली. आमचे अध्यक्ष दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बदलून आलेले, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. माणूस वाईट नव्हता, पण घसा मोठा आणि उत्साह त्याहून मोठा. ते म्हणाले, "इथं सगळं कसं घरगुती चालतं. एकदा पुण्याचा नावाजलेला वक्ता आणू या. लोकांना कळू दे तरी, मराठीत बोलणं कशाला म्हणतात."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट तोंडाला पाणी सुटलं. आम्हा इथं जन्मलेल्यांच्या मनात तो एक सल कायमच असायचा, की आपलं मराठी उष्टंपाष्टं, खरं मराठी तिकडं कुठंतरी आहे. ते खरं मराठी दीड तास आमच्या हॉलमध्ये येणार म्हटल्यावर मी हरखले. हौसेला मोल नसतं. पत्र मीच लिहिलं.

उत्तर आलं, सुबक अक्षरात. मानधन इतकं इतकं, आगाऊ निम्मं. भाडं पहिल्या वर्गाचं. उतरण्याची सोय घरगुती हवी, हॉटेल नको. व्याख्यानाआधी गरम पाणी, नंतर गरम दूध. सगळं मिळून माझा तीन महिन्यांचा पगार होत होता. नाकापेक्षा मोती जड, असं मी बैठकीत म्हटलंसुद्धा, पण म्हणताना हसत होते. त्या वर्षी वाचनालयाची नवी पुस्तकं रद्द केली आणि घरटी जादा वर्गणी लावली. ती गोळा करायला मी घामाघूम होऊन दारोदार हिंडले. पाहुण्यांना उतरवून घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा ते आमच्याकडे उतरतील असंही मीच सांगून टाकलं.

पाहुण्यांना शनिवारच जमत होता.

"शनिवारी गुरुजींचं असतं," कुणीतरी म्हणालं. बाबांना सगळे गुरुजी म्हणायचे.

अध्यक्ष म्हणाले, "एका दिवशी दोन भाषणं नकोत. एवढे पैसे मोजून माणूस आणायचा तर त्याला पूर्ण वेळ द्यायला हवा. गुरुजी काय, घरचेच. पुढल्या वर्षी बोलतील."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की रविवार बाबांना द्या, रविवारची गाण्यांची स्पर्धा सोमवारी घ्या. दोन वाक्यं. पण स्पर्धेची पत्रकं छापून झाली होती, मी दमले होते, आणि मला त्या माणसांसमोर आपल्या बापासाठी जागा मागायची लाज वाटली. माझी ती कात्री त्या दिवशी कुठं गेली होती कोण जाणे.

"बाबांना काही वाटणार नाही," मी म्हणाले.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा धोतराच्या टोकानं चष्मा पुसत होते. ते "बरं" म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "किती घेतात?" मी आकडा सांगितला. "एवढे?" बाबा म्हणाले. "मग छानच बोलत असतील. माझी खाट त्यांना दे. मी गॅलरीत झोपेन." त्यांच्या आवाजात जराही कडवटपणा नव्हता, आणि मी त्याचाच आधार घेतला. बघा, नाहीच वाटलं त्यांना काही, असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवारी गाडी तीन तास उशिरा आली. अध्यक्ष स्वतः हावड्याला गेले होते. त्यांचा फोन आला, आम्ही टॅक्सीत बसतोय, पोचतोच. पण त्या दिवसांत कलकत्त्यात पोचतोच म्हणायला काही अर्थ नसे. एस्प्लनेडला कुठला तरी भला मोठा मिछिल निघाला होता, आणि मोर्चा पुढं सरकल्याशिवाय टॅक्सी हलणार नव्हती. इकडे सहाची वेळ टळून गेली. हॉल गच्च भरलेला, उकाडा मरणाचा, पोरं रडायला लागलेली. लोक उठून जातात की काय असं वाटायला लागलं.

शेवटी मी बाबांकडे गेले. ते तिसऱ्या रांगेत बसले होते. स्वच्छ धोतर, इस्त्रीचा सदरा.

"बाबा, पाहुणे येईपर्यंत जरा सांभाळून घ्याल?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तेच बोलू का?"

मी मान हलवली. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, चला, देवानंच जुळवून आणलं, दोन्ही पदरात पडलं.

बाबा उभे राहिले आणि कसलीही प्रस्तावना न करता बोलायला लागले. सातारकडची एकोणीस वर्षांची मुलगी, दोन रात्री गाडीत बसून हावड्याला उतरली. ट्रंकेत दोन लुगडी आणि आमसुलांची पुरचुंडी. बंगालीचा एक शब्द येत नाही. बाजारात बोटं दाखवून भाजी घेते आणि फसते. ज्वारी इथं मिळत नाही, म्हणून मुंबईहून कुणी येणार असलं की सात घरच्या बायका त्याला पीठ आणायला सांगतात, आणि ते वाटीनं मापून वाटून घेतात. सात महिन्यांनी तिनं पहिली भाकरी केली. नवऱ्याला वाढली आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन नुसता तवा हुंगत बसली.

लोक आधी हसले. त्याच बायका, पदराआड हसणाऱ्या, आता तोच पदर डोळ्यांना लावत होत्या. त्या सगळ्या कुठून ना कुठून तशाच आल्या होत्या. मी दारापाशी उभी होते. आईला सगळे सातारची म्हणून हाक मारायचे हे मला माहीत होतं. तव्याचं माहीत नव्हतं.

तेवढ्यात मागून अध्यक्ष आले, घामानं निथळत. "आले, आले. थांबव त्यांना. आधीच दीड तास गेलाय."

आमच्यात पद्धत होती, वक्त्याला थांबवायचं तर चिठ्ठी द्यायची. मी पर्समधून कागद काढला आणि लिहिलं, 'पाहुणे आले. आटपा.' आणि निघाले. बाबा तेव्हा म्हणत होते, "तिसऱ्या वर्षी, आमची मुलगी व्हायच्या आधी, एक दिवस ती मला न सांगता एकटीच ट्रामनं निघाली. कुठं गेली ते मला संध्याकाळी कळलं. आणि ते कळल्यावर मी..."

मी तेव्हा व्यासपीठाच्या पहिल्या पायरीवर होते. हे सगळं मी ऐकलं होतं. परत फिरता आलं असतं, नुसतं उभं राहता आलं असतं. पण मागं अध्यक्ष होते, त्यांच्यामागं तीन महिन्यांचा पगार उभा होता. मी वर गेले आणि चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली.

बाबांनी ती वाचली. अक्षर त्यांच्या ओळखीचंच. चष्मा वर करून पुन्हा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि लोकांकडे बघून हसले. "पाहुणे आले आहेत. आपण सगळे त्यांच्यासाठीच जमलोय," म्हणाले आणि खाली उतरले.

पाहुणे सुंदर बोलले. दीड तास, एक शब्द इकडचा तिकडं नाही. टाळ्या थांबेनात. बाबा तिसऱ्या रांगेत शेवटपर्यंत बसून होते आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गाण्याच्या स्पर्धेसाठी खुर्च्या लावायला लवकर गेले, मी पाहुण्यांना पोहे दिले. त्यांनी विचारलं, "काल मी आलो तेव्हा कोण बोलत होतं?"

"माझे वडील," मी म्हटलं.

बशी त्यांनी खाली ठेवली. "मी मागं उभा राहून ऐकत होतो. तुमच्या अध्यक्षांना म्हटलंसुद्धा, चालू दे, मला घाई नाही. त्यांनी ऐकलं नाही. मी दहा वर्षं फुकट बोललो, बाई. लोक मधूनच उठायचे, मधूनच मला खाली बसवायचे. मग पैसे घ्यायला लागलो. पैसे मोजले की लोक पुरं ऐकून घेतात, बस. पण म्हणून दुसऱ्याचं अर्ध्यात तोडायला मी कुणाला सांगितलं नव्हतं." मग हळूच म्हणाले, "त्या बाई कुठं गेल्या होत्या हो, ट्रामनं?"

मी चहा आणायला म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून रडले.

त्या रात्री मी बाबांना विचारलं. ते गॅलरीत गेले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, आलं होतं तोंडाशी. गेलं." मी हट्ट धरला, चिडले, पाया पडले. ते नुसते मान हलवत राहिले.

पुढल्या वर्षी मी बैठकीत भांडून भांडून शनिवारची अख्खी संध्याकाळ बाबांसाठी घेतली. दुसरा कार्यक्रम ठेवूच दिला नाही. पुढं जाऊन बसले. बाबा उभे राहिले आणि पुन्हा शून्यावर बोलले. छान बोलले. मधून मधून माझ्याकडे बघत होते, मी काही लिहितेय का ते, आणि वेळेच्या दहा मिनिटं आधीच थांबले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले.

त्या हॉलमधल्या म्हाताऱ्यांना मी एकेकाला विचारून बघितलं, त्यांच्या बायकांनाही. कुणालाच माहीत नाही. आई त्या दिवशी ट्रामनं कुठं गेली होती, हे सांगायला एक माणूस उभा राहिला होता, आणि त्याला मी गप्प केलं.