ओल्या कडांची पुस्तकं

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मी आमच्या वसाहतीतलं छोटं वाचनालय सांभाळायचो. मासळी विकून परतताना एक कोळीण टोपली दाराबाहेर ठेवून आत यायची. पदराला हात कोरडे होईपर्यंत पुसायची आणि मगच पुस्तक मागायची.

"मला अक्षर येत नाय. घरवाल्याला पायजे. चांगलं बघून दे."

कोळ्याला समुद्राशिवाय दुसरं काय रुचणार, हे माझ्या डोक्यात पक्कं. दर्यावर्दींच्या सफरी, बुडालेली गलबतं, बेटांवर अडकलेली माणसं, असं एकेक मी हौसेनं निवडून देत गेलो. पुस्तक परत यायचं ते कडांनी ओलं, ओहोटीनंतरच्या चिखलाचा वास घेऊन. एकदा मी वैतागलोच.

"मावशी, ओल्या हातानं वाचू नका म्हणावं त्यांना!"

"सांगते," ती शांतपणे म्हणाली.

ती गेल्यावर आमचा पहारेकरी हळूच म्हणाला, "आमच्याच गावची हाय ती. घरवाला बोटीसकट गेला, त्याला किती वरसं झाली. सापडलाच नाय."

पुढच्या खेपेला मला तिच्याकडे बघवेना. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"दर्याचं पुरे, बोलतात ते. जमिनीचं काय हाय काय?"

मी बागायतीचं एक पुस्तक काढून दिलं. तेही ओलंच परत आलं. पण या वेळी पहिल्यांदाच एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. गोड्या पाण्याची विहीर कशी खणावी, ते त्या पानावर होतं.