घरमालकाची तैनाती फौज
विमानतळावर जळक्या रॉकेलसारखा तो वास आला की मला माझा इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचा इंग्रज घरमालक आठवतो. इराकच्या युद्धाच्या काळात एका बँक हॉलिडेला, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सुट्टीला, तो मला त्याच्या गावच्या जत्रेला घेऊन गेला. गावाला खेटूनच अमेरिकन हवाई तळ होता, त्यामुळे तिथल्या गवतालासुद्धा हाच वास. डोक्यावरून विमान गेलं की टेबलावरचे कप थरथरायचे आणि हा करवादायचा, "ब्लडी यँक्स! आमच्याच देशात आम्ही भाडेकरू!" तंबूत भाज्यांची स्पर्धा होती, आणि परीक्षक म्हणून बोलावला होता तळावरचाच एक अधिकारी. त्याने घरमालकाच्या भल्यामोठ्या भोपळ्याला पहिल्या नंबरची लाल फीत लावली मात्र, या स्वाभिमानी गृहस्थाची मान अशी लवली की मला वाटलं, आता हा त्याचे बूट पुसतो. पाऊस भुरभुरायला लागला तेव्हा स्वतः भिजत, साहेबाच्या डोक्यावर छत्री धरून, "तुम्ही आहात म्हणून आम्ही निवांत झोपतो, सर," म्हणत तो त्याला गाडीपर्यंत सोडून आला. परतीच्या वाटेवर पुन्हा सुरू, "ब्लडी यँक्स!" भोपळा माझ्या मांडीवर होता, पण मी पुणेकर, गप्प कसा बसणार? म्हटलं, "आमच्या पेशव्यांच्या दारात तुमची अशीच तैनाती फौज होती." "ते वेगळं," तो तुटकपणे म्हणाला, "यांना आम्ही स्वतः बोलावलंय." शेवटच्या बाजीरावानेही तुम्हाला स्वतःच बोलावलं होतं, हे अगदी ओठांवर आलं होतं. आज वाटतं, बोललो नाही तेच बरं. बाजीरावाचा उगाच अपमान झाला असता.